लेकराला सायकल शिकायला पाठवण्याआधी

वाढत्या अंगाचे कपडे घेतले तर बाह्या दुमडता येतात. सायकल दुमडता येत नाही. ‘दोन वर्षं तरी चालावी’ म्हणून मोठी सायकल आणली की लेकराचे पाय टेकत नाहीत, पाय टेकले नाहीत की ते हँडल आवळून धरतं, आणि आवळलेलं हँडल वळत नाही. शिकवणाऱ्याचे पहिले तीन दिवस ही भीती काढण्यात जातात. म्हणून वर्गाला पाठवण्याच्या आठवडाभर आधीपासून पुढची तयारी घरीच करा.

आधी पायाचं माप घ्या. लेकराला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं करा. जाड पुठ्ठ्याची वही दोन पायांमधून वर जांघेपर्यंत सरकवा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. समजा, माप 50 सेंमी आलं, तर पूर्ण खाली केलेली सीट जमिनीपासून 48 ते 50 सेंमीवर हवी, त्याहून वर नको. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला सपाट लागले पाहिजेत. दुकानदार वय विचारून 16 किंवा 20 इंची चाकाची सायकल पुढे करतो, पण एकाच वयाच्या दोन लेकरांच्या पायांत चार बोटांचा फरक सहज असतो. त्यामुळे टेप सोबत न्या.

मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकलेली पिढी म्हणेल, आम्हाला कुठं माप लागलं? कैचीनं सायकल येते हे खरंच. पण अंग एका बाजूला झुकवून तोल धरायची सवय लागते आणि सीटवर बसल्यावर तीच आडवी येते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळणारी सायकलही मोठ्या मापाची असते. ती ताईची म्हणून दुसरीतल्या धाकटीला शिकायला देऊ नका.

सायकल मापाची असली की पायडल काढून ठेवा. आधी तोल, मग पायडल, हाच क्रम सोपा पडतो. बाजूची छोटी चाकं असतील तर तीही उतरवा. त्या चाकांवर लेकरू पायडल मारायला शिकतं, तोल शिकत नाही.

पायडलला बहुधा 15 नंबरचा पाना लागतो. इथं एक घोटाळा हमखास होतो. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. नेहमीच्या दिशेनं जोर लावला तर डावं आणखी घट्ट बसतं. लक्षात ठेवायला सोपं असं की पाना उभा वर धरून सायकलीच्या मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही सुटतात. परत बसवताना पहिले दोन-तीन आटे हातानंच फिरवा. आटा तिरपा लागला आणि वरून पाना मारला तर क्रँकमधले, म्हणजे पायडल ज्या दांडीत बसतं तिच्यातले, आटे जातात, मग अख्खा क्रँक बदलावा लागतो.

ब्रेक लेकराच्याच बोटांनी तपासा. लिव्हरपर्यंत बोटं पोहोचत नसतील तर बऱ्याच लिव्हरना आतल्या बाजूला छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींत उजवा ब्रेक पुढचा आणि डावा मागचा. घाबरलेलं लेकरू एकटा उजवा करकचून दाबतं, मागचं चाक उचललं जातं आणि लेकरू तोंडावर येतं. म्हणून चालत चालत सायकल ढकलायला लावा आणि ‘थांब’ म्हटलं की दोन्ही ब्रेक एकदम, हळू दाबायचे, एवढाच खेळ रोज दहा मिनिटं घ्या.

मग सीटवर बसून पायानं ढकलत चालणं. चार-पाच दिवसांत लेकरू आपसूक पाय उचलू लागतं. पाय वर ठेवून पाच-सहा मीटर सरळ गेलं आणि ब्रेक लावून थांबलं की ते वर्गाला तयार झालं. मध्ये आधार द्यायचा तर काखेत द्या. हँडल धरून पळू नका, तोल तुमचाच राहतो.

जागा कडक आणि सपाट हवी. शाळेचं पटांगण, किंवा बाजार नसेल त्या दिवशी आठवडी बाजाराचं मैदान चांगलं. सुट्या मुरमावर चाक घसरतं. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्यांत पुढचं चाक अडकतं. पावसाळ्यात तीच माती मडगार्डात गच्च बसून चाक जाम करते. बाभळीचे काटे आणि सराटे बांधाकडेला असायचेच, तेव्हा सायकल उचलून न्यायची सवय लावा.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेआठच्या आत आटोपा. सायकल उन्हात उभी ठेवू नका, तापलेल्या ट्यूबचं जुनं ठिगळ सुटतं.

हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं असावी, हनुवटीखालच्या पट्ट्यात एकच बोट जावं. वेणी खाली घ्या, वर बांधलेल्या केसांवर हेल्मेट बसत नाही. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट. पायजमा असेल तर उजव्या पायाला रबर बांधा, साखळी त्याच बाजूला असते. ओढणी घरीच ठेवा.

खरचटणार हे गृहीत धरा. जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, वर माती-हळद काही नको. धनुर्वाताची लस सरकारी वेळापत्रकात 5 ते 6, 10 आणि 16 वर्षांना असते. लसीकरणाचं कार्ड काढून तेवढं पाहून घ्या. दमा किंवा चष्मा असेल तर शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा, आणि पायडल व पाना पिशवीत घालून द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो मागणारच.