यँकीजच्या उगवत्या खेळाडूंची कार्डं आणि सह्या जमवताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जाणारी मराठी मंडळी पुष्कळ. त्याच गावात सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे आणि २०२१पासून हा न्यूयॉर्क यँकीजचा डबल-ए संघ, म्हणजे मुख्य संघाच्या दोन पायऱ्या खालचा संघ आहे, हे त्यातल्या अनेकांना कळतं ते मुलं शाळेत बेसबॉल खेळायला लागल्यावर. मग एका संध्याकाळी सगळे सामना बघायला जातात. तिकीट यँकी स्टेडियमच्या मानाने स्वस्त, खेळाडू कठड्यापाशी उभे राहून सह्या देतात आणि त्यातला एखादा खरंच मोठा होतो. मॉरिसटाउनच्या डेलबार्टन शाळेतून निवडला गेलेला अँथनी व्होल्पी २०२२मध्ये इथेच खेळत होता, आणि २०२३च्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी तो यँकीजच्या मुख्य संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता. असं एक उदाहरण डोळ्यांसमोर घडलं की घरात कार्डांची पाकिटं यायला लागतात.

इथे आधी एक गोष्ट ठरवून टाका. तुम्हाला आपला संघ जमवायचाय, की खेळाडूंवर पैसे लावायचेत? दोन्ही करायला हरकत नाही, पण दोन्हींचा हिशेब एकाच वहीत ठेवला की घोळ होतो. खाली दिलेल्या बहुतेक चुका त्या घोळातूनच होतात.

पहिलं कार्ड कोणतं, ते न बघणं

मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, अजून न पोचलेल्या खेळाडूंची, म्हणजे प्रॉस्पेक्ट्सची कार्डं मुख्यतः टॉप्स कंपनीच्या ‘बोमन’ या नावाखाली निघतात. खेळाडू बोमनमध्ये पहिल्यांदा आला की कार्डावर ‘फर्स्ट’चा छोटा शिक्का असतो. पुढच्या वर्षी त्याच मुलाचं पुन्हा कार्ड येतं. फोटो कदाचित जास्त चांगला असतो, पण तो शिक्का नसतो आणि किंमत बरीच खाली असते. ‘आरसी’, म्हणजे रूकी कार्डाचा शिक्का, ही तिसरीच गोष्ट. २००६पासून तो खेळाडू मेजर लीगमध्ये पोचल्यानंतरच्या कार्डांवर येतो. ऑनलाइन विक्रेते मात्र सरसकट सगळ्यांनाच ‘रूकी’ म्हणतात. जाहिरातीचं शीर्षक सोडा, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा आणि शिक्का स्वतः पाहा.

तीच गत कागदी आणि क्रोम कार्डांची. बोमनच्या एकाच पाकिटात साधी कागदी कार्डं आणि चकचकीत क्रोम कार्डं दोन्ही निघतात, फोटोही सारखाच असू शकतो. मागच्या बाजूला क्रमांक बघा : ‘बीपी’ने सुरू झाला तर कागदी, ‘बीसीपी’ने सुरू झाला तर क्रोम, आणि ‘सीपीए’ असेल तर कंपनीने खेळाडूकडून करवून घेतलेली सही असलेलं क्रोम कार्ड. वर्षअखेरीच्या ‘बोमन ड्राफ्ट’ या वेगळ्या संचात ही अक्षरं थोडी बदलतात. क्रोमच्या पैशात कागदी कार्ड घेऊन बसलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

रंगीत कडांचंही असंच. निळी १५०, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५ आणि सुपरफ्रॅक्टर फक्त १, असा सही असलेल्या बोमन क्रोम कार्डांचा साधारण क्रम आहे, म्हणजे त्या रंगाची तेवढीच कार्डं छापतात, आणि हा आकडा कार्डावर छापलेला असतो. आकडा नसलेलं नुसतं चमकदार कार्ड ‘दुर्मीळ’ म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न झाला तर सरळ पुढे जा.

उतावळेपणा

जासन डोमिंगेझने २०१९मध्ये, सोळाव्या वर्षी, यँकीजशी करार केला तो ५१ लाख डॉलरचा. २०२०मध्ये त्याचं पहिलं बोमन कार्ड आलं. त्या वर्षी कोविडच्या साथीमुळे मायनर लीगचा, म्हणजे मेजर लीगखालच्या पातळ्यांचा, हंगामच रद्द झाला होता. म्हणजे पोराने व्यावसायिक सामन्यात एकदाही बॅट फिरवली नव्हती आणि त्याच्या सहीच्या कार्डांना लोक अव्वाच्या सव्वा भाव देत होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पुढे १ सप्टेंबर २०२३ला ह्यूस्टनमध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच खेळीत जस्टिन व्हर्लँडरला होमरन मारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत कोपराची शस्त्रक्रिया. २०२०मध्ये घेणाऱ्याने एवढे सगळे चढउतार सोसायचे, तेही सगळ्यात वरचा भाव मोजून.

त्याच्याही आधीची गोष्ट ब्रायन टेलरची. १९९१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, यँकीजने त्याला सगळ्यांत पहिला निवडला, १५ लाख ५० हजार डॉलर दिले. डिसेंबर १९९३मध्ये एका मारामारीत त्याचा खांदा दुखावला आणि हा गोलंदाज मेजर लीगपर्यंत कधीच पोचला नाही. ह्यूस्टनने २०१३मध्ये पहिला निवडलेला मार्क अपेल मेजर लीगमध्ये पोचला तो २०२२मध्ये, फिलाडेल्फियाकडून, वयाच्या तिशीत.

मग माईक ट्राउटचं काय, असं कोणीतरी विचारतंच. २००९च्या ड्राफ्टमध्ये तो पंचविसावा होता. त्याच्या त्या वर्षीच्या सही असलेल्या सुपरफ्रॅक्टरला ऑगस्ट २०२०च्या लिलावात ३९ लाख ३६ हजार डॉलर आले. खरं आहे. पण ते कार्ड जगात एकच आहे, आणि त्याच्या आधी चोवीस जण निवडले गेले होते ही गोष्ट लिलावाची बातमी सांगणारा सांगत नाही.

संघ जमवणाऱ्याला घाई करायचं काही कारण नाही. नवा संच बाजारात आला की पहिले काही आठवडे भाव चढलेले असतात, मग पाकिटं फुटत जातात, कार्डं वाढतात, भाव उतरतो. खेळाडूला मेजर लीगमध्ये बोलावल्याची बातमी आली की पुन्हा उडी मारतो. हिवाळ्यात, बेसबॉल बंद असताना, घ्यावं. गोलंदाजांच्या बाबतीत मी आणखी कंजूस आहे, कारण खांदा आणि कोपर यांचा भरवसा नाही. आणि भाव बघायचा तो ‘विकलेल्या’ वस्तूंचा. मागितलेली किंमत काय, कोणीही काहीही मागतं.

कार्डांच्या पाकिटांच्या बंद खोक्यांबद्दल थोडक्यात : मेजर लीगचे संघ तीस. खोक्यात निघालेली सही आपल्याच संघाच्या मुलाची असेल, ही आशा ठेवून खोकी फोडत बसण्यापेक्षा हवं ते एकेक कार्ड विकत घेणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. ‘ब्रेक’मध्ये, म्हणजे दुसऱ्याने खोकी फोडायची आणि आपण एका संघाची जागा घ्यायची या प्रकारात, यँकीजची जागा सगळ्यात महागांपैकी असते. मजा म्हणून एखाद्या वेळी ठीक.

कठड्यापाशी होणाऱ्या चुका

दारं उघडल्याबरोबर आत जा. सामना सुरू व्हायच्या वेळी पोचून सही मिळत नाही. त्या दिवशी सुरुवात करणाऱ्या गोलंदाजाला हाक मारू नका, तो देणार नाही आणि बाकीचेही नाराज होतात. आदल्या दिवशी टाकलेला किंवा उद्या टाकणार असलेला गोलंदाज मात्र मोकळा असतो. खेळाडूचं नाव आणि चेहरा पाठ करून जा, नुसतं “ए, बत्तीस नंबर!” असं ओरडणाऱ्याला सही मिळते, पण फराटा मारलेली. पाहुण्या संघाच्या डगआउटकडे (खेळाडूंच्या बसायच्या जागेकडे) गर्दी कमी असते, तिकडेही चक्कर मारा. एकाच्या पुढ्यात आठदहा कार्डांचा गठ्ठा ठेवू नका. लहान मुलांना पुढे करून गठ्ठा सही करवून घेणारे मोठे लोक खेळाडूंना लगेच ओळखू येतात.

आता पेन. बेसबॉलवर शार्पी, म्हणजे पक्क्या शाईचं मार्कर, कधीही वापरू नका. चामड्यात ती शाई पसरते आणि काही वर्षांनी अक्षरांच्या कडा धूसर होतात. चेंडूसाठी निळं बॉलपेन, आणि सहीची जागा म्हणजे दोन शिवणी जिथे सगळ्यात जवळ येतात ती. कार्डासाठी मात्र शार्पीच, शक्यतो निळी. गडद कार्ड असेल तर चंदेरी पेंट पेन, पण ते हलवून, आधी रद्दी कागदावर चालवून मगच खेळाडूच्या हातात द्या.

क्रोम कार्डाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर शाई थेंब थेंब होऊन तुटते. म्हणून घरून निघायच्या आधी कार्डावर किंचित बेबी पावडर टाकून मऊ कापडाने हलक्या हाताने पुसून घ्या. सही झाली की कार्ड लगेच प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये सरकवायचं नाही. किमान एक डाव हातात धरून वाळू द्या. पुसलेली शाई परत आणता येत नाही, आणि ‘पुन्हा सही करा’ म्हणायला तो खेळाडू पुढच्या आठवड्यात स्क्रँटनला, यँकीजच्या वरच्या पायरीच्या ट्रिपल-ए संघात, गेलेला असतो.

सही कोणत्या कार्डावर घ्यायची, हाही प्रश्न आहेच. कोपरे धारदार असलेलं, ‘फर्स्ट’ शिक्क्याचं क्रोम कार्ड पेनाखाली ठेवू नये, असं माझं मत. मैदानावर घेतलेल्या सहीला कंपनीने करवून घेतलेल्या सहीएवढी किंमत बाजार देत नाही, आणि चांगल्या कार्डाचं नुकसान होऊ शकतं ते वेगळंच. मैदानावरच्या दुकानात मायनर लीग संघाचा स्वतःचा कार्डसंच मिळतो. गणवेशही त्याच संघाचा, सहीही त्याच मैदानावरची. संघ जमवणाऱ्याला याहून चांगलं काही नाही.

पोस्टाने सही मागवताना

संघाच्या पत्त्यावर, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये टँपातल्या सराव शिबिराच्या पत्त्यावर, एखाद-दोन कार्डं, चार ओळींचं हाताने लिहिलेलं पत्र आणि स्वतःचा पत्ता व तिकीट लावलेलं परतीचं पाकीट पाठवायचं. कित्येक पाकिटं परत येत नाहीत, त्यामुळे जे गमावलं तर जीव कळवळेल ते पाठवू नका. पुण्या-मुंबईतून पाठवणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे परतीच्या पाकिटाला भारतीय तिकीट. अमेरिकेच्या टपालात त्याचा उपयोग नाही. तिथल्या मावशी-आत्याचा पत्ता द्या आणि तिकीट तिथलंच लावा.

खोट्या सह्या

१९९०च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं आणि खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही होते! कोणी गोलंदाजी टाकली होती, देव जाणे. तर, सोबत आलेलं ‘अस्सल’ असल्याचं रंगीत प्रमाणपत्र हा पुरावा नव्हे. ते कोणीही छापू शकतं. पीएसए, जेएसए, बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांपैकी कोणी तपासलेली सही, किंवा मेजर लीग बेसबॉलचा होलोग्राम घ्या. होलोग्राम लावायचा तर त्यांचा माणूस सही होताना हजर असावा लागतो. खेळाडूंची सही काळानुसार बदलते, हेही ध्यानात ठेवा. डबल-एमध्ये पूर्ण नाव लिहिणारा मुलगा दोन वर्षांनी दोन रेघोट्या मारतो. तुलना करायची ती त्याच काळातल्या सहीशी.

बाकी काळजी सोपी आहे. आधी मऊ स्लीव्ह, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं कव्हर, वर चिकटपट्टी लावायचीच तर रंगाऱ्यांची निळी, साधी सेलोटेप नको. क्रोम कार्ड दमट हवेत वाकतं, म्हणून न्यू जर्सीच्या तळघरात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात डबा घट्ट बंद आणि कोरडा ठेवा. सही केलेली वस्तू उन्हात मांडू नका.

सौदा झाला की?

ड्रू थॉर्प २०२३मध्ये यँकीजच्याच खालच्या हडसन व्हॅली संघात आणि मग सॉमरसेटला सुरेख गोलंदाजी टाकत होता. डिसेंबरमध्ये हुआन सोटोच्या बदल्यात तो सॅन डिएगोला गेला, आणि मार्च २०२४मध्ये डिलन सीसच्या बदल्यात शिकागो व्हाइट सॉक्सला. यँकीजसारखा संघ आपली पोरं अशी वापरणारच. म्हणून साधारण जुलैअखेरची, संघांनी खेळाडूंची अदलाबदल करायची मुदत जवळ आली की ज्यांच्या सह्या हव्यात त्यांच्या आधी घेऊन टाका.

गेलेल्या खेळाडूचं काय करायचं, यावर दोन मतं आहेत. पैसे लावले असतील तर नव्या संघाचे चाहते शोधत असताना, पहिल्या काही दिवसांतच विका. संघ जमवत असाल तर थॉर्पचं यँकीजच्या गणवेशातलं कार्ड वहीतच राहू द्या. शिकागोच्या गणवेशातलं घ्यायचं काही कारण नाही, ते शिकागोवाले घेतील.