एलिट डेंजरसमधली शोधमोहीम: कुठं थांबायचं, काय सोडून द्यायचं

एलिट डेंजरस या अंतराळयानाच्या व्हिडिओ गेममध्ये शोधमोहिमेला निघालेले बरेच जण आठवड्याभरात कंटाळतात. कारण बहुतेकदा एकच असतं: उडी, स्कॅन, इंधन, पुन्हा उडी, आणि नजर फक्त अंतराच्या आकड्यावर. या खेळातली आकाशगंगा खऱ्या मापाची आहे, सुमारे 400 अब्ज सिस्टीम्सची, म्हणजे तारे आणि त्यांच्या ग्रहमालांची. तीत सगळीकडं डोकावायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. एखादी सिस्टीम मिनिटभरात वाचता आली पाहिजे, नऊ सोडून दहाव्या ठिकाणी मनसोक्त रमता आलं पाहिजे. पैसा आणि नाव दोन्ही त्यातूनच मिळतं.

जहाज

सुरुवातीला डायमंडबॅक एक्सप्लोरर पुरेसं आहे, किंमत सुमारे 19 लाख क्रेडिट. ॲस्प एक्सप्लोरर सुमारे 67 लाखांना पडतं आणि त्याच्या काचेतून खालचं बरंच दिसतं. खिसा भरलेला असेल तर मँडले घ्या.

फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, म्हणजे उडी मारणारं इंजिन, ए दर्जाचाच हवा. थ्रस्टर, लाइफ सपोर्ट, सेन्सर डी दर्जाचे घ्या, ते सर्वांत हलके असतात. पॉवर प्लांट गरजेपुरता लहान, पण ए दर्जाचा, म्हणजे जहाज थंड राहतं. ताऱ्याकडून इंधन ओढणारा फ्युएल स्कूप, ग्रहांचा नकाशा करणारा डिटेल्ड सरफेस स्कॅनर आणि दुरुस्ती करणारं एएफएमयू या तिघांचं खेळात वजन शून्य धरलेलं आहे. म्हणून स्कूप बसेल तेवढा मोठा बसवा, उडीचं अंतर जराही कमी होत नाही. लहान स्कूप लावून दर ताऱ्यापाशी दोन-दोन मिनिटं ताटकळणं हे कंटाळ्याचं मोठं कारण आहे आणि ते फुकटात टळतं. एएफएमयू दोन ठेवा. एक दुसऱ्याला दुरुस्त करतं, स्वतःला नाही. शस्त्रं काढून टाका, पण छोटी ढाल राहू द्या, उतरताना बसणारा धक्का ती झेलते. सोबत जहाजाची उष्णता बाहेर टाकणारे एक-दोन हीट सिंक.

उडी वाढवायला दोन वाटा आहेत. डेसिआट सिस्टीममधल्या फेलिसिटी फारसीअर या खेळातल्या इंजिनियरकडून ड्राइव्हची रेंज वाढवून घ्या. त्यासाठी शोधमोहिमेतला स्काउट दर्जा आणि मेटा-अलॉय नावाच्या मालाचं एक युनिट लागतं. दुसरी वाट गार्डियन बूस्टरची, म्हणजे उडी वाढवणाऱ्या जोडयंत्राची. 5 नंबरच्या आकाराचा बूस्टर 10.5 प्रकाशवर्षं वाढवून देतो.

दिशा

सोल (आपला सूर्य), सॅजिटेरियस ए (आकाशगंगेचं केंद्र) आणि कोलोनिया (दूरची मानवी वस्ती) यांना जोडणारा पट्टा सोडा. निपाणी-संकेश्वर-बेळगाव महामार्ग धरून राहिलात तर जांबोटी-चोर्ल्याचं रान जसं कधीच दिसणार नाही, तशीच त्या पट्ट्याची गत आहे. तिथं जवळजवळ प्रत्येक ताऱ्यावर कुणाचं तरी नाव आधीच लागलेलं असतं. त्या रेषेपासून हजारभर प्रकाशवर्षं बाजूला व्हा, किंवा आकाशगंगेच्या प्रतलाच्या वर-खाली जा. मार्ग आखताना ‘फास्टेस्ट’ऐवजी ‘इकॉनॉमिकल’ निवडून बघा. उड्या छोट्या होतात, पण ज्यांच्यावरून सगळे उडून जातात ते तारे वाटेत येतात.

नकाशात सिस्टीमचं नाव नीट वाचायची सवय लावा. नावाच्या शेवटच्या तुकड्यात आकड्याआधी एक छोटं इंग्रजी अक्षर असतं, ए ते एच. ए म्हणजे सिस्टीमचं एकूण वस्तुमान सर्वांत कमी, एच म्हणजे सर्वांत जास्त. कृष्णविवरं हवीत तर एच शोधा. पृथ्वीसारखे, पाण्याचे ग्रह हवेत तर डी चांगलं, कारण एफ, जी वर्गातले तारे (ही ताऱ्याच्या प्रकाराची अक्षरं, वस्तुमानाची नव्हेत) तिथं भरपूर सापडतात. उडी मारण्याआधीच निम्मी निवड इथं होऊन जाते.

इंधन देणारे तारे सातच वर्गांचे: के, जी, बी, एफ, ओ, ए, एम. नकाशात तेवढेच वर्ग ठेवून फिल्टर मार्गाला लावा. एल, टी, वाय हे तपकिरी बटू, टी टौरी तारे, श्वेतबटू, न्यूट्रॉन यांच्याकडून थेंबही मिळत नाही. तरीही टाकी कोरडी पडलीच तर प्राणवायूची उलटी मोजणी दिसताच मेन्यूत बाहेर पडा आणि फ्युएल रॅट्सना हाक द्या. हे खेळाडूंचंच पथक आहे आणि इंधन फुकट आणून देतं.

सिस्टीम वाचणं

उडी संपत असताना बोगद्यातच थ्रॉटल शून्यावर आणा, नाहीतर जहाज सरळ ताऱ्यावर जातं. डिस्कव्हरी स्कॅनरचं बटण पूर्ण भरेपर्यंत दाबून धरा. स्कूप करत असतानाच हे उरकतं. उष्णता 70-75 टक्क्यांच्या आत ठेवा. 100 ओलांडली की मॉड्यूल्स झिजू लागतात. पुढच्या उडीसाठी ड्राइव्ह चार्ज करायचा तो ताऱ्यापासून दूर सरकल्यावरच. स्कूपची आणि चार्जिंगची उष्णता एकत्र झाली की जहाज भाजतं.

मग वेग अगदी कमी करून फुल स्पेक्ट्रम स्कॅनर उघडा, त्यात दुरूनच सिस्टीममधले ग्रह ओळखता येतात. खालच्या पट्टीवर प्रत्येक प्रकारच्या ग्रहाची जागा ठरलेली आहे, वायूचे राक्षसी ग्रह उजव्या टोकाला. पृथ्वीसारखे, अमोनियाचे, पाण्याचे ग्रह त्यांच्या अलीकडं. तिथं काही उमटलं नाही आणि विरळ वातावरणाचा खडकाळ ग्रहही नसेल, तर बिनधास्त निघा.

सरफेस स्कॅनरच्या प्रोबनी नकाशा करण्यासारखे ग्रह मोजकेच: पृथ्वीसारखे, अमोनियाचे, पाण्याचे आणि टेराफॉर्म करता येणारे (माणसाला राहण्याजोगे बनवता येणारे) हाय मेटल कंटेंट, म्हणजे धातूंचं प्रमाण जास्त असलेले. बर्फाळ गोळ्यांवर वेळ घालवू नका, अपवाद जैविक सिग्नल असलेल्यांचा. प्रोब कधी संपत नाहीत, पण ठरलेल्या संख्येत काम झालं तर जादा पैसे मिळतात. सगळे प्रोब मधोमध मारले की एकावर एक पडतात. ग्रहाच्या कडेबाहेर नेम धरा, गुरुत्वाकर्षणानं प्रोब वळतो आणि मागच्या बाजूला पडतो.

जीव शोधणं

मे 2021 मध्ये आलेल्या ओडिसी या विस्तारापासून पायी उतरता येतं. ओडिसी फक्त पीसीवर आहे, कन्सोलवाल्यांना हा भाग नाही. आर्टेमिस सूट आणि जेनेटिक सॅम्पलर लागतो. आमच्या मते सगळ्या शोधमोहिमेत मन सर्वांत जास्त रमतं ते इथं.

ग्रहाचा प्रोबनकाशा आधी करा, म्हणजे कोणत्या कुळातले जीव आहेत ते कळतं आणि कुठं सापडू शकतील ते रंगानं दिसतं. उजेडाच्या बाजूला, कमी उंचीवरून उडा. एका जातीचे तीन नमुने लागतात आणि ते एकमेकांपासून ठरावीक अंतरावरचे हवेत: फ्रुटेक्सा 150 मीटर, टसॉक 200, फंगॉइडा 300, बॅक्टेरियम आणि स्ट्रॅटम 500, ऑसियस 800. त्याच झुडपाशेजारचं दुसरं झुडूप सॅम्पलर नाकारतो, म्हणून 500 च्या वरच्यांसाठी परत जहाजात बसून उडणंच बरं. तीन पूर्ण होण्याआधी दुसऱ्या जातीला हात लावला की आधीचे नमुने पुसले जातात.

स्ट्रॅटम टेक्टॉनिकस विसरू नका. 165 केल्विनहून जास्त तापमानाच्या हाय मेटल कंटेंट ग्रहांवर ते सापडतं. एकाचे 1,90,10,800 क्रेडिट, आणि त्या ग्रहावर पहिली नोंद तुमची असेल तर पाचपट. म्हणूनच पट्ट्याबाहेर जायचं.

उतरण्याआधी सिस्टीम नकाशात ग्रहाचं गुरुत्व बघा. 2 जीच्या (पृथ्वीच्या दुपटीच्या) पुढं असेल तर नाक किंचित वर, जहाज आडवं, आणि फक्त वरच्या-खालच्या थ्रस्टरवर हळूहळू खाली. नाक खाली करून बूस्ट दिला की जहाज सावरत नाही.

न्यूट्रॉनचा झोत

न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतात ड्राइव्ह भारला की पुढच्या एका उडीचं अंतर चौपट होतं. झोताच्या ताऱ्याकडच्या टोकाला जाऊ नका, बाहेरच्या टोकाशी हळू वेगानं शिरा, संदेश आला की आडवं बाहेर पडा. दर वेळी ड्राइव्ह थोडा झिजतो. 80 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. दुरुस्तीआधी सुपरक्रूझमधून (सिस्टीमच्या आतल्या वेगवान प्रवासातून) बाहेर या, कारण दुरुस्त होत असलेलं मॉड्यूल बंद असतं. श्वेतबटूचा झोत फक्त दीडपट देतो आणि धोका जास्त, त्याच्या वाटेला जाऊ नका.

वीज आणि परतीची वाट

एकट्यानं खेळायच्या सोलो मोडलाही इंटरनेट लागतंच. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि कॉम्प्युटरला यूपीएस असूनही राउटर बंद पडला की खेळ तुटतोच. राउटरला वेगळा मिनी यूपीएस लावा. घेताना ॲडॉप्टरवर 9 व्होल्ट लिहिलंय की 12 ते बघा. ढग भरून आले असतील त्या संध्याकाळी झोतात शिरणं आणि जड ग्रहावर उतरणं दोन्ही टाळा. सपाट जागी जहाज उतरवून नमुन्यांचं काम करा.

जहाज फुटलं की न विकलेला सगळा डेटा जातो, म्हणून वस्तीच्या जवळ येताना सोलो मोड लावा. गजबजलेल्या सिस्टीम्समध्ये परतणाऱ्या जहाजांवर टपून बसणारे खेळाडू असतात. कमी वर्दळीचं स्टेशन गाठा. ग्रहांचा डेटा स्टेशनवरच्या युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्सला द्या, मग जहाजातून उतरून कॉन्कोर्समधल्या (स्टेशनच्या पायी फिरायच्या दालनातल्या) व्हिस्टा जिनॉमिक्सच्या काउंटरवर नमुने विका. दोन्ही विकून झाल्याशिवाय स्टेशन सोडू नका.