विमानाच्या मॉडेलचे भाग स्वतः घडवताना या चुका टाळा

किटमधली सीट जाडजूड असते, चाकाच्या खणाचं दार फळीसारखं दिसतं, किंवा आपल्याला हवा तो फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी झडप) किटमध्ये नसतोच. मग आपण स्टायरीनची (एका प्लॅस्टिकची) शीट काढतो, नवं ब्लेड लावतो आणि भाग स्वतः घडवायला बसतो. पहिले दोन-चार भाग बिघडले की ‘माझा हातच बसत नाही’ म्हणून सगळं पुन्हा डब्यात जातं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण असे बिघडलेले भाग निरखून पाहिले तर हाताचा दोष क्वचितच सापडतो. माप चुकलेलं असतं, नाहीतर कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

आराखडा न तपासता ब्लेड लावणं

स्कॅन केलेला आराखडा पानात बसावा म्हणून प्रिंटर तो थोडा लहान करून छापतो आणि आपल्या ते लक्षातही येत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर मार्क १ या लढाऊ विमानाच्या पंखांचा पसारा ११.२३ मीटर, म्हणजे १/७२ स्केलला (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाला) १५६ मिमी. छपाई ९७ टक्क्यांवर झाली तर कागदावर १५१ मिमीच भरतात, आणि त्यावरून कापलेला प्रत्येक भाग किटवर अपुरा पडतो. म्हणून विमानाचं एक खात्रीचं माप घ्या, त्याला स्केलने भागा आणि कागदावर पट्टी लावून पाहा.

जाडी विसरणं

सगळ्यात जास्त भाग इथे वाया जातात. लांबी-रुंदी प्रत्येक जण मोजतो, जाडीकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. १/७२ मध्ये १ मिमी म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेमी. अर्ध्या मिमीच्या शीटमधून दार कापलं तर त्याची कड साडेतीन सेमीहून जाड झाली. दुकानात मिळणारी ०.१३ मिमीची पातळ शीट घेतली तरी हिशेब ९ मिमीच्या पुढेच जातो. खऱ्या पत्र्याची जाडी या स्केलला प्लॅस्टिकमध्ये गाठता येत नाही, हे एकदा मान्य केलं की काम सोपं होतं. आपल्याला फक्त दिसणारी कड पातळ करायची आहे. मी दार ०.२५ मिमीच्या शीटमधून कापतो आणि आतल्या बाजूने, काठापासून साधारण २ मिमीच्या पट्ट्यात तिरकं घासत कड कागदासारखी करतो. मधला भाग तसाच ठेवला की दाराला ताकद राहते. पंखाच्या मागच्या कडेलाही हीच युक्ती लागू पडते. दोन्ही अर्ध्या भागांची आतली बाजू चिकटवण्याआधी घासायची. चिकटवल्यावर बाहेरून घासत बसलं तर पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा) पुसल्या जातात आणि कड तरीही जाडच राहते.

डायलचंही तसंच. कॉकपिटमधली बरीच उपकरणं सव्वातीन इंचांच्या आत-बाहेर, म्हणजे ८० मिमीच्या जवळपास असतात. १/४८ मध्ये त्यांचा व्यास सुमारे १.६५ मिमी येतो. हाताशी २ मिमीचा पंच (गोल चकती कापायचं हत्यार) आहे म्हणून तोच वापरला, तर डायल ९६ मिमीचा होतो आणि पॅनलवर सहा उपकरणं मावतच नाहीत.

आधी कापणं, मग भोकं पाडणं

तीन मिमीचा तुकडा चिमट्यात धरून त्याला भोक पाडायला गेलात तर तुकडा फुटतो किंवा उडून जातो. क्रम उलटा करा. मोठ्या शीटवरच भोकं पाडा, खाचा करा, रिव्हेट काढा, कड घासा आणि भाग अगदी शेवटी सोडवा. शक्य असेल तिथे एका टोकाला लांब देठ ठेवा. तो धरून रंगही देता येतो. देठ तोडायचा तो चिकटवायच्या क्षणी.

जोडीचे भाग वेगवेगळे कापू नका. दोन तुकडे दुहेरी टेपने एकमेकांवर चिकटवून एकत्रच कानशीने घासा, मग डावं-उजवं आपोआप सारखं येतं. मात्र एकाच बाजूला तपशील असेल तर तुकडे सुटे केल्यावर आरशातल्यासारखे समोरासमोर ठेवा आणि कुठली बाजू वर ते पेन्सिलीने लिहा. तसं केलं नाही तर हमखास दोन डावी दारं तयार होतात.

आणखी एक. ब्लेडने कापलं की रेघेच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिक वर उचललं जातं. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतं. ब्लेड उभं धरून ते खरवडून काढलं नाही तर सांधा नीट बसत नाही आणि आपण उगाच पुट्टी भरत राहतो.

सॉल्व्हंटचा अति वापर

हे मी स्वतः अनुभवलं आहे. १/४८ च्या एका विमानासाठी बाहेरची इंधनटाकी करायची होती. १ मिमीच्या शीटचे थर सॉल्व्हंट सिमेंट भरपूर लावून एकमेकांवर चिकटवले, दुसऱ्या दिवशी घासून सुरेख आकार काढला, रंगही दिला. तीन आठवड्यांनी टाकी उजेडात धरली तर प्रत्येक सांध्यावर बारीक चर उमटला होता. सिमेंट प्लॅस्टिकला विरघळवून जोडतं. थरांमध्ये अडकलेलं सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडतं, तोवर आतला भाग मऊ असतो आणि सुकताना आत ओढला जातो. त्या टाकीवर पुट्टी भरून पाहिली, चर पुन्हा आले. शेवटी नवीन केली.

आता मी आतल्या थरांना जागोजागी भोकं पाडतो, सिमेंट अगदी कमी लावतो आणि ठोकळा वजनाखाली आठवडाभर ठेवून देतो. घाई असेल तर सुपरग्लू चालतो, पण घासायचं काम त्याच दिवशी उरका. नंतर तो प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना सांध्यावर उंचवटा राहतो. पातळ शीटवर सिमेंटचा थेंब सांडला तर पुसू नका, तसाच सुकू द्या. पुसलं की बोटाचा ठसा कायमचा बसतो.

उभं विमान कसं दिसतं ते न पाहणं

उत्तम घडवलेला भागही चुकीच्या स्थितीत लावला तर विमान खोटं दिसतं. स्पिटफायरचे फ्लॅप एक तर बंद असतात किंवा पूर्ण खाली, मधली स्थिती नसते. उतरल्यावर वैमानिक ते लगेच वर घेत, म्हणून मैदानावर उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप सहसा बंदच दिसतात. खाली दाखवायचेच असतील तर पंखाच्या वरच्या बाजूला उघडणारी छोटी दर्शक झाकणंही उघडी करावी लागतात. मस्टँग या दुसऱ्या लढाऊ विमानाचं उलट आहे. इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिक दाब उतरतो, मग फ्लॅप आणि चाकांची आतली दारं खाली लोंबतात.

लँडिंग गिअरची गंमत तर आराखड्यातच असते. तिथे शॉक अॅब्झॉर्बर बऱ्याचदा पूर्ण ताणलेला दाखवतात. जमिनीवर विमानाच्या वजनाने तो दबतो. आराखड्याबरहुकूम पाय केले तर विमान काठीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. उभ्या विमानाचा बाजूने काढलेला फोटो पाहून शॉक अॅब्झॉर्बरचा चमकणारा दांडा किती दिसतो ते ठरवा. पाय प्लॅस्टिकचे असले तरी आत पितळी तार घाला, नाहीतर काही महिन्यांत ते फाकतात.

वाकवलेली शीट पुन्हा सरळ होते

हवा त्यापेक्षा थोड्या कमी व्यासाच्या नळीवर शीट टेपने घट्ट बांधा, उकळतं पाणी ओता आणि लगेच गार पाण्यात बुडवा. शीट थोडी उलगडते, म्हणूनच नळी बारीक घ्यायची. पितळी नळी वाकवताना चेपत असेल तर आधी तापवून गार होऊ द्या आणि आत तार घालून वाकवा.

कॅनोपी

गरम पारदर्शक शीट साच्यावर ओढून कॅनोपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) करताना साचा बाहेरच्या मापाचा केला तर ती रुंद होते. शीट ०.४ मिमीची असेल तर दोन्ही बाजू मिळून जवळपास ०.८ मिमी वाढतात. साचा तेवढा अरुंद करा आणि खाली पाच-सहा मिमी जास्त उंची ठेवा, म्हणजे तळाशी शीट जिथे बाहेर वळते तो भाग कापून टाकता येतो. लाकडी साच्याचे रेषे प्लॅस्टिकवर उमटतात, म्हणून साच्यावर पातळ सुपरग्लूचे हात देऊन तो आरशासारखा गुळगुळीत करा. तयार कॅनोपी बसवताना मात्र सुपरग्लू लांब ठेवा, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तिथे पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंदच बरा, कडेने पाझरलाच तर ओल्या ब्रशने निघून येतो.