आफ्टरग्लो शोधायला बसणाऱ्या नव्या मंडळींसाठी

दूरच्या गॅमा किरण स्फोटानंतर मागे उरणारा, विझत जाणारा प्रकाश म्हणजे आफ्टरग्लो. तो शोधण्याच्या कामात नव्याने आलेले बहुतेक जण आधी विचारतात, दुर्बीण केवढी हवी? माझ्या मते त्याआधीचा प्रश्न वेळेचा आहे. २३ जानेवारी १९९९ च्या गॅमा किरण स्फोटाचा दृश्य प्रकाश रोट्सी या यंत्राच्या टेलिफोटो लेन्सनी टिपला, तेव्हा त्याची प्रत (तेजाचा आकडा; तो जितका लहान, तितकं तेज जास्त) जवळपास ९ होती. लेन्स लहानच होत्या, पण ते स्वयंचलित यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत तिकडे वळलं होतं. स्फोटातून सुटलेला झोत भोवतालच्या वायूवर आदळतो आणि त्यातून आफ्टरग्लो उजळतो. तो झपाट्याने विझतो.

स्फोटाचा इशारा कोणत्या उपग्रहाकडून आलाय हे आधी बघा. स्विफ्ट उपग्रहाचा गॅमा डिटेक्टर काही आर्कमिनिटांपर्यंत (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) जागा सांगतो आणि स्विफ्टचीच क्ष-किरण दुर्बीण ती काही आर्कसेकंदांवर (आर्कमिनिटाचा साठावा भाग) आणते. फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या गॅमा डिटेक्टरने दिलेली जागा बहुतेकदा कित्येक अंश पसरलेली असते. लहान क्षेत्र पाहणाऱ्या कॅमेऱ्याने तिच्यामागे रात्र घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोटो आला की जुन्या सर्वेक्षणातल्या चित्राशी ताडून पाहायचा. नवा ठिपका दिसला की मला अजूनही धडधडतं. पण तो लघुग्रह असू शकतो किंवा वैश्विक किरणाने सेन्सरवर उठवलेला डाग. म्हणून एका लांबलचक एक्सपोजरऐवजी अनेक छोटी घ्या. डाग एकाच फ्रेमपुरता असतो, लघुग्रह बहुधा सरकलेला दिसतो.

खरी कसोटी विझण्याची. आफ्टरग्लोचा प्रकाश ढोबळमानाने स्फोटापासूनच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. स्फोटानंतर एका तासाने पहिलं आणि सव्वा तासाने दुसरं निरीक्षण घेतलंत, तर फरक जेमतेम पाव प्रतीचा. मोजमापातली अनिश्चितताच ०.२ असेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तेच दुसरं निरीक्षण तीन तासांनी घेतलं तर फरक सुमारे १.२ प्रतींचा येतो. त्यामुळे निरीक्षणं समान अंतराने आखू नका. स्फोटापासूनची वेळ दुप्पट, तिप्पट होईल तेव्हा पुन्हा त्या जागी या. मधल्या वेळात फिल्टर बदलून रंग मोजता येतात.

ठिपका विझतोय याची खात्री पटली की जीसीएनवर, म्हणजे अशा स्फोटांच्या सूचना जगभर पोचवणाऱ्या नेटवर्कवर, स्थान, वेळ आणि प्रत लगेच कळवा. आलेख नीटनेटका करत बसू नका. ताम्रसृती (प्रकाश लाल टोकाकडे किती सरकलाय, त्यावरून अंतर कळतं) मोजण्यासाठी मोठ्या दुर्बिणींना वर्णपट घ्यायचा असतो आणि त्यासाठी पुरेसा प्रकाश उरलेला असावा लागतो.

काहीच सापडलं नाही तरी कळवा. मात्र ‘दिसलं नाही’ एवढंच लिहिलं तर कुणालाच उपयोग नाही. फिल्टर कोणता, एकूण एक्सपोजर किती, स्फोटानंतर किती वेळाने आणि कोणत्या प्रतीपर्यंतचे तारे फोटोत उमटले, हे सगळं हवं. २३ एप्रिल २००९ च्या स्फोटाचा आफ्टरग्लो दृश्य प्रकाशात सापडत नव्हता, अवरक्त दुर्बिणींना मात्र दिसत होता. त्याची ताम्रसृती ८.२ निघाली. एवढ्या अंतरावरून येताना वाटेतला हायड्रोजन दृश्य पट्ट्यातला सगळा प्रकाश गिळतो. धुळीमुळेही असंच घडू शकतं. अशा वेळी रिकाम्या फोटोची नीट मोजलेली मर्यादा पाहूनच अवरक्त कॅमेरा तिकडे वळवायचा की नाही हे ठरतं.