प्रोग्रेसिव्ह टूलवर हात बसवताना: उद्यमबागेतल्या प्रेस शॉपमधला अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत, पत्रा कापणाऱ्या प्रेसवर नव्यानं कामाला लागलेली पोरं मला हमखास विचारतात, “काका, प्रोग्रेसिव्हवर कधी बसवतात?” विचारणारच. आपण दिवसभर एकेक तुकडा ठेवून एकच भोक मारत बसायचं आणि शेजारच्या प्रेसवर प्रोग्रेसिव्ह टूलमधून दर स्ट्रोकला, म्हणजे दर दणक्याला, तयार जॉब खाली पडताना बघायचा, म्हटल्यावर जीव तिकडं ओढतोच. माझाही ओढायचा. खानापूर तालुक्यातून रोज बसनं येऊन तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ उतरायचो, तेव्हापासून प्रेसवरच आहे. आधी हेल्पर, मग ऑपरेटर आणि गेली बारा वर्षं सेटर, म्हणजे प्रेसवर टूल चढवून जुळवणारा. तेव्हा मला कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं जे वाटतं ते इथं लिहितो.

साधा एम-१२ चा वॉशर घ्या. आतलं भोक १३ मिमी, बाहेरचा व्यास २४, जाडी अडीच. साध्या टूलवर हे दोन वेळचं काम आहे. आधी चकती कापायची, मग तिला भोक पाडायचं. प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये पत्र्याची पट्टी एका बाजूनं आत जाते. टूलमध्ये एकेक काम होण्याच्या जागेला स्टेशन म्हणतात. पहिल्या स्टेशनवर भोक पडतं. पट्टी २७ मिमी पुढं सरकते. दुसऱ्या स्टेशनवर मोठ्या पंचाच्या, म्हणजे वरून येऊन पत्रा कापणाऱ्या दांड्याच्या, टोकाला पायलट नावाची खुंटी असते, ती त्या भोकात शिरून पट्टीला नेमक्या जागी ओढते आणि मागोमाग पंच वॉशर कापून खाली पाडतो. त्याच क्षणी मागं पहिल्या स्टेशनवर पुढच्या वॉशरचं भोक पडलेलं असतं. पहिल्या स्ट्रोकला हातात काही येत नाही, दुसऱ्यापासून दर स्ट्रोकला एक.

वेग मिळतो तो इथं, आणि घात होतो तोही इथंच. सगळी स्टेशनं एकदम चालतात, त्यामुळं कुठल्या स्टेशनवर काय बिघडलंय हे चालू मशीनकडं बघून कळत नाही. प्रत्येक स्टेशन वेगळं ओळखल्याशिवाय प्रोग्रेसिव्हवर बसू नका, असं मी म्हणतो ते म्हणून.

माझा एक मावसभाऊ टेक्सासला असतो. त्याला नेमबाजीचा नाद आहे आणि वापरलेली काडतुसं तो घरी पुन्हा भरतो. तिथं स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. व्हिडिओ कॉलवर त्यानं आपलं मशीन दाखवलं, त्यालाही प्रोग्रेसिव्ह प्रेसच म्हणतात. रिकामी पितळी पुंगळी गोल प्लेटवर बसते, हँडल ओढलं की प्रत्येक स्टेशनवर एकेक काम होतं आणि प्लेट एक घर पुढं जाते. डिलन कंपनीच्या ५५० मॉडेलला चार स्टेशनं आहेत आणि प्लेट हातानं फिरवावी लागते. ७५० ला पाच, आणि प्लेट आपोआप फिरते. “मग आपोआपचंच घ्यायचं की,” मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, “नव्या माणसाला मी आधी एका स्टेशनचं साधं मशीनच घे म्हणतो. बंदुकीची दारू दोनदा पडली काय किंवा पडलीच नाही काय, बाहेरून पुंगळी सारखीच दिसते.” गोळी बसण्याआधी तो प्रत्येक पुंगळीत दिवा टाकून डोकावतो. हे ऐकलं आणि मला आमच्या मेस्त्रींचीच आठवण झाली, त्यांच्याबद्दल पुढं सांगतो. (पोरं हेही विचारतात म्हणून सांगून ठेवतो. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणं परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. असलं मशीन घरी आणायचा विचारसुद्धा करू नका.)

आता आपल्या प्रेसकडं येऊ. कुठल्या टूलला किती टनाचा प्रेस घ्यायचा, हे नव्या पोराला तोंडपाठ पाहिजे. हिशेब असा: कापल्या जाणाऱ्या कडेची एकूण लांबी गुणिले जाडी गुणिले मटेरियलची कातर-ताकद. आपल्या वॉशरला आतली आणि बाहेरची कड मिळून ११६ मिमी भरते. अडीचनं गुणलं की २९० चौरस मिमी. साध्या एमएस (माइल्ड स्टील) पत्र्याला चौरस मिलिमीटरला ४० किलो धरलं तर साडेअकरा टनाच्या आसपास जोर लागतो. पंचावर घट्ट बसलेली पट्टी सोडवायलाही जोर जातो आणि धार बोथट झाली की जोर जास्त लागतो, म्हणून वर पंचवीस टक्के धरायचे. साडेचौदा झाले. वीस टनाचा प्रेस आरामात चालतो.

पण मालकाचा डोळा स्क्रॅपवर असतो, आणि त्यात चूक काही नाही. कडेला तीन-तीन मिमी सोडून ३० मिमीची पट्टी घेतली, तर प्रत्येक वॉशरमागं ८१० चौरस मिमी पत्रा जातो आणि वॉशर होतो फक्त ३२० चा. शंभर किलो पत्र्यातले साठ किलो भंगारात. म्हणून दोन ओळी तिरक्या, एकमेकींच्या खाचेत बसवून लावतात. पट्टी साधारण साडेत्रेपन्न मिमीची होते आणि चाळीस टक्क्यांच्या जागी चव्वेचाळीस टक्के पत्रा कामी येतो. पण एका स्ट्रोकला दोन वॉशर, म्हणजे जोरही दुप्पट. साडेचौदाचे एकोणतीस टन झाले. आता वीस टनाचा प्रेस गेला आणि तीसचाही अगदी काठावर आला. अशा वेळी काही पंच पत्र्याच्या जाडीएवढे आखूड ठेवतात, म्हणजे सगळे एकाच क्षणी कापत नाहीत आणि झटका विभागला जातो. टूल, पट्टी आणि प्रेस हे तिन्ही असे एकमेकांत अडकलेले असतात. नुसतं टूलचं ड्रॉइंग बघून प्रेस निवडता येत नाही.

प्रेसवर रंगवलेलं टनेज रॅम, म्हणजे वर-खाली होणारा भाग, तळाजवळ आल्यावरच मिळतं, स्ट्रोकच्या मध्यावर नाही. शट हाईट बघायची, म्हणजे रॅम पूर्ण खाली आणि अ‍ॅडजस्टमेंट पूर्ण वर असताना बेडपासूनचं अंतर. बंद टूलची उंची त्यापेक्षा कमीच पाहिजे. आणि स्ट्रोक, म्हणजे इथं रॅमची वर-खाली चाल, शक्यतो आखूड घ्यायचा. लांब स्ट्रोकमध्ये टूलचे दोन भाग सरळ ठेवणारे पिलर बुशमधून दर वेळी बाहेर निघतात आणि परत शिरताना कधी ना कधी घासून खराब होतात.

क्लचबद्दल मात्र थांबून सांगतो. आपल्या भागातल्या बऱ्याच जुन्या प्रेसना पिन किंवा रोलिंग की (चावी) चा क्लच आहे. क्लच म्हणजे फिरत्या जड चाकाचा, फ्लायव्हीलचा, जोर रॅमला जोडणारा भाग. पेडल मारलं आणि चावी गुंतली, म्हणजे एक पूर्ण फेरा होणारच, मध्ये थांबवता येत नाही. चावीची स्प्रिंग तुटली तर पेडल न मारता दुसरा स्ट्रोकही येतो. मी होतो त्या एका कारखान्यात असाच आला, आणि माझ्याच वयाच्या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तुकडा नीट बसला नव्हता म्हणून त्यानं हात घातला होता. पेडलवर पाय नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. असल्या प्रेसला प्रकाशाचा पडदा, म्हणजे हात मध्ये आला की मशीनला थांब सांगणारे किरण, बसवूनही उपयोग नसतो, कारण पडद्यानं थांब म्हटलं तरी क्लच थांबू शकत नाही. हवेच्या घर्षण क्लचचा प्रेस मध्येच थांबतो, तिथं दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं आणि पडदा खरंच कामाला येतात. मशीनच्या धोक्याच्या भागाला आडोसा हवाच, हे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ मध्येही होतं. कामाला लागताना पगार विचारता तसा क्लच कुठला आहे हेही विचारा. आणि पत्रा ओढायला कायम चिमटा किंवा हूक, बोट कधीच नाही.

टूल चढवल्यावर पहिली पट्टी मोटर चालू करून मारायची नाही. मेन स्विच बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, क्लच गुंतवायचा आणि सळई घालून फ्लायव्हील हातानं फिरवायचं. आमच्याकडं गोकाकचे एक मेस्त्री होते, घरी कन्नड बोलायचे, आमच्याशी मराठी. मी सळईला जोर लावला की मागून एकच शब्द यायचा, “निधान.” सावकाश. पंच पत्र्याला टेकला की हाताला कळतं, पत्रा फुटला की तेही कळतं. त्या वेळी जे हाताला लागतं ते नंतर मिनिटाला साठ स्ट्रोकमध्ये लागत नाही. एकदा मी नुसता उभा राहून चालू प्रेसकडं बघत होतो. मेस्त्री म्हणाले, “काय बघूलास? वॉशर नको बघू, पट्टी बघ.” आणि सळई काढून जागेवर टांगल्याशिवाय त्यांनी कुणालाही मोटर चालू करू दिली नाही.

पहिले चार-पाच स्ट्रोक झाले की पट्टी बाहेर काढून उजेडात धरायची. भोकाची कड कुठं ओढल्यासारखी लांबट दिसली तर पायलट पट्टीला जोरानं ओढतोय, म्हणजे फीड, पट्टी पुढं सरकायचं अंतर, चुकलंय. रोल फीड, म्हणजे रोलरनं पट्टी पुढं ढकलणारी सोय, असेल तर पायलट शिरताना रोलर उचलले गेले पाहिजेत, नाहीतर दोघांची ओढाताण होते आणि शेवटी पायलट मोडतो. मग बर, म्हणजे कापलेल्या कडेला उभी राहणारी धारदार कोर, बघायचा. भोकाला सगळीकडं सारखा बारीक बर असेल तर ठीक. एकाच बाजूला जास्त असेल तर पंच आणि डाय (पंच ज्या खालच्या भागातल्या भोकात शिरतो तो) एका रेषेत नाहीत. सगळीकडं वाढला असेल तर धार गेली. पंच आणि डायमधली फट एका बाजूला जाडीच्या पाच ते दहा टक्के ठेवतात, आपल्या वॉशरला म्हणजे १२ ते २५ शतांश मिलिमीटर. एवढ्याशा फटीची सगळी कहाणी बर सांगतो.

माझ्या हातून झालेलं एक नुकसान सांगतो. सेटर होऊन वर्षही झालं नव्हतं. एका ब्रॅकेटचं सहा स्टेशनांचं टूल नुकतंच धार लावून आलं होतं. हातानं फिरवून बघितलं, पट्टी सुंदर. मोटर चालू केली. वीसेक मिनिटांनी आवाज बदलला, एक बारीक ‘टक’ जास्तीचं. मी लक्ष दिलं नाही, उत्पादन चालू ठेवलं. थोड्या वेळानं तिसऱ्या स्टेशनचा सहा मिमीचा पंच मोडला, त्याचा तुकडा पट्टीबरोबर पुढं गेला आणि पाचव्या स्टेशनची डाय फुटली. उघडल्यावर दिसलं की भोकातून खाली पडायची टिकली पंचाला चिकटून वर येत होती, डायवर पडत होती आणि पुढच्या स्ट्रोकला पत्र्याखाली दाबली जात होती. धार लावताना मॅग्नेटिक चकवर पंचात चुंबकत्व शिरलं होतं, ते उतरवायचं राहिलं होतं. वर तेल जाड. तेव्हापासून धार लावून आलेला प्रत्येक पंच मी टाचणीजवळ धरून बघतो. टाचणी हलली तर टूल चढवायचं नाही, आधी चुंबकत्व उतरवून आणायचं. आणि पहिल्या शंभर स्ट्रोकनंतर थांबून खालच्या डब्यातल्या टिकल्या मोजतो. शंभर भोकांना शंभर टिकल्या पाहिजेत. नव्वद असतील तर उरलेल्या दहा टूलमध्येच कुठंतरी आहेत.

शिक्षणाचं थोडक्यात. आयटीआयला टूल अँड डाय मेकर हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यात प्रेस टूल आणि जिग-फिक्श्चरचा वेगळा विभाग असतो. दहावीनंतर डिप्लोमा करायचा असेल तर कर्नाटक सरकारच्या जीटीटीसीचं (सरकारी टूल रूम आणि ट्रेनिंग सेंटर) केंद्र बेळगावातच आहे. मराठी शाळेतून आलेल्या पोरांना भाषेची धास्ती असते. शॉपमध्ये मराठी, कन्नड, हिंदी सगळं एकत्र चालतं, महिनाभरात कान बसतो. अडतं ते ड्रॉइंगवर. तिथं टॉलरन्स आणि सेक्शन वाचता आले की भाषा आड येत नाही. ड्रॉइंग वाचणाऱ्या पोराला शिनोळीपासून हत्तरगीपर्यंत कुठंही काम मिळतं.

आणि आपला पाऊस. जुलैत इथं हवा इतकी ओली असते की शनिवारी उघडं ठेवलेलं टूल सोमवारी तांबूस दिसतं. डी-टू स्टीलची कडक केलेली डायसुद्धा गंजते, आणि कटिंगच्या धारेवर गंज आला की पहिल्याच पट्टीला बर. काम संपलं की पुसून तेल लावायचं, मधे लाकडी ठोकळे ठेवून टूल बंद करायचं.

टूल उतरवताना शेवटची पट्टी कापून टाकू नका. तिच्यावर प्रत्येक स्टेशनचं काम क्रमानं दिसतं, कुठं बर येत होता तेही. मी तिच्यावर खडूनं तारीख आणि किती स्ट्रोक झाले ते लिहितो आणि तारेनं टूललाच बांधून ठेवतो. पुढच्या वेळी ते टूल चढवणारा मी नसलो, तरी त्याला पट्टी सापडते.