ब्लासियसचे समीकरण एका फेरीत कसे सोडवावे

सपाट पातळ पट्टीला समांतर वाहणाऱ्या हवेचा सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागालगतचा मंदावलेल्या हवेचा पातळ थर, हा सीमास्तर सिद्धांतातला पहिला धडा असतो, आणि अनेक विद्यार्थी तिथेच संगणकाशी नाहक झुंजत बसतात. प्रांटलने १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत मांडलेल्या कल्पनेतून निघालेली आंशिक अवकल समीकरणे त्याचा विद्यार्थी ब्लासियस याने १९०८ मध्ये एकाच चलावर आणली. मुक्त वेगाला (पट्टीपासून दूरच्या, अबाधित हवेच्या वेगाला) गतिक श्यानतेने (श्यानता भागिले घनता) आणि पट्टीच्या पुढच्या कडेपासूनच्या अंतराने भागावे, त्याचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याने पृष्ठभागापासूनच्या उंचीला गुणावे. हा झाला चल इटा. वेग आणि मुक्त वेग यांच्या गुणोत्तराला फ′ म्हटले (प्रत्येक ′ म्हणजे इटाच्या सापेक्ष एक अवकलन) की उरते ते एवढेच:

फ‴ + ½ फ फ″ = ०

पृष्ठभागावर फ आणि फ′ शून्य असतात, तर दूरवर फ′ = १ होतो. अडचण या शेवटच्या अटीची आहे, कारण ती अनंतावर आहे आणि रुंगे-कुट्टा पद्धत (पायरीपायरीने पुढे जाणारी संख्यात्मक रीत) सुरू करायला पृष्ठभागावरचे फ″ हवे असते. अंदाज बांधता येतो: ०.३ घेतल्यास फ′ सुमारे ०.९३ वर स्थिरावतो, ०.३५ घेतल्यास १.०४ वर, म्हणजे उत्तर मध्ये कुठेतरी आहे. ही नेम धरण्याची पद्धत चुकीची नाही. इथे तिची गरज मात्र नाही.

टॉप्फरने १९१२ मध्ये दाखवलेली युक्ती अशी, की फ(इटा) हे समीकरणाचे उत्तर असेल तर अ·फ(अ·इटा) हेही उत्तरच असते, कारण दोन्ही पदांतून अ चा चौथा घात बाहेर पडतो. म्हणून पृष्ठभागावर फ″ = १ असे बेधडक घ्यावे, समीकरण तीन पहिल्या कोटीच्या समीकरणांत मोडावे आणि ०.१ च्या पायरीने ७ पर्यंत जावे. फ′ २.०८५४ वर स्थिरावतो. दूरची अट पाळायची तर अ चा वर्ग या संख्येचा व्यस्त हवा, आणि फ″ अ च्या घनाने बदलतो, म्हणून २.०८५४ चा उणे दीडवा घात काढला की खरे फ″ मिळते, ०.३३२१. दुसरी फेरी लागत नाही.

काही पुस्तकांत ½ नसतो आणि चलात दोनचे वर्गमूळ येते. तिथे हीच किंमत ०.४६९६ दिसते, तेव्हा ताळा जुळला नाही म्हणून घाबरू नये.

उत्तर वापरून पाहावे. २० अंश सेल्सिअसच्या हवेची गतिक श्यानता सुमारे १.५ × १०⁻⁵ चौ. मी. प्रति सेकंद असते. वेग १० मी. प्रति सेकंद आणि कडेपासूनचे अंतर ३० सें.मी. असेल, तर रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले अंतर भागिले गतिक श्यानता) २ लाख होतो. मुक्त वेगाच्या ९९ टक्के वेग इटा ४.९ च्या आसपास गाठला जातो, म्हणजे सीमास्तराची जाडी जेमतेम ३.३ मि.मी.

बाहेरचा वेग अंतराच्या म व्या घाताने बदलू लागला की फॉकनर-स्कॅन समीकरण येते आणि, शून्येतर म साठी, ही युक्ती निकामी होते, कारण म(१ − फ′²) या नव्या पदातला अचल १ अ च्या घाताने बदलत नाही. तिथे नेमच धरावा लागतो. म उणे ०.०९०४ झाला की पृष्ठभागावरचे फ″ शून्यावर येते आणि प्रवाह पृष्ठभाग सोडण्याच्या बेतात असतो. त्या किमतीपासून शून्यापर्यंतच्या पट्ट्यात दोन उत्तरे सापडतात. फ″ ऋण आले, तर हाती लागलेले उत्तर उलट्या प्रवाहाचे आहे.