टेलर श्रेणी: आधी स्लायडर, मग व्याख्या

प्रथम वर्षाला टेलर श्रेणी (फलन क्ष च्या घातांच्या अनंत बेरजेत लिहिणं) शिकवताना फळ्यावर पाच-सहा पदं लिहून थांबू नका. जिओजेब्रात (आलेख काढायचं गणिताचं सॉफ्टवेअर; शिकवण्यासाठी मोफत आहे, मोबाइलवरही चालतं) १+क्ष च्या नैसर्गिक लॉगचा आलेख काढा. त्यावर शून्यापाशीची टेलर बहुपदी (श्रेणीची सुरुवातीची काही पदं) ठेवून तिच्या घाताला स्लायडर जोडा. सरकवण्याआधी मुलांना विचारा, घात २० केला तर क्ष = १.५ ला काय होईल? उत्तर वहीत लिहूनच घ्या, नाहीतर नंतर सगळेच 'मला माहीत होतं' म्हणतात! आता सरकवा. क्ष ०.५ ला बहुपदी मूळ आलेखाला चिकटत जाते. १ च्या पलीकडे मात्र उधळते, सम घाताला खाली, विषमला वर. अभिसरणाची (पदं वाढवत नेली की बेरीज एका ठरावीक किमतीजवळ जाणं) व्याख्या त्यानंतर लिहा.